चिलीतला काळा अष्टकोन

27 जून 2016 रोजी चिलीच्या दुकानांतल्या फडताळांवर एक नवीन आकृती दिसू लागली. काळा अष्टकोन, त्यात पांढऱ्या अक्षरांत 'साखर जास्त' किंवा 'कॅलरी जास्त' आणि खाली बारीक अक्षरांत 'आरोग्य मंत्रालय'. एखाद्या पाकिटावर एकच अष्टकोन असे, एखाद्यावर ओळीनं चार. पाकिटाच्या मागे, बोटभर जागेत, पोषणाचा तक्ता आधीपासून होताच. पण तो वाचायला चष्मा लागे आणि समजायला आकडेमोड.

हा अष्टकोन सक्तीचा करणाऱ्या कायद्याविषयी बोलताना बहुतेक जण त्या अष्टकोनाबद्दलच बोलतात. त्याचा रंग, त्याचा आकार, ग्राहक तो पाहून काय करतो, वगैरे. या प्रकरणाचा बारकाईनं माग घेतला तर मात्र लक्ष दुसरीकडे जातं. अष्टकोन कोणत्या पाकिटावर छापायचा हे ठरवणाऱ्या आकड्यांच्या एका लहानशा तक्त्याकडे. खरी ओढाताण त्या तक्त्यावर झाली, आणि पुढे जे यश आलं व ज्या पळवाटा निघाल्या, त्या दोन्हींचं मूळ तिथंच सापडतं.

कायदा, तारखा आणि अभ्यासांतले आकडे सार्वजनिक आहेत, ते जसेच्या तसे घेतले आहेत. कंपन्यांची आणि उत्पादनांची नावं मात्र गाळली आहेत. जिथं एखाद्या उत्पादकाची स्थिती समजावून सांगायची आहे, तिथं 'समजा' म्हणून उदाहरण घेतलं आहे.

पार्श्वभूमी

चिलीचं एक वैशिष्ट्य आधी सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देशानं मुलांच्या कुपोषणाशी झुंज देऊन ती जिंकली होती. सरकारी दवाखान्यांतून दूध आणि पूरक आहार वाटला जाई, बाळांची वजनं नोंदली जात. खाण्यापिण्याच्या बाबतीत सरकारनं लक्ष घालणं लोकांना परकं नव्हतं. मग एकाच पिढीच्या अवधीत चित्र पालटलं. 2016-17 च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरील दर चार माणसांपैकी साधारण तिघांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. 2014 मध्ये साखर घातलेल्या पेयांतून दरडोई विकल्या जाणाऱ्या कॅलरींत चिली जगात पहिल्या क्रमांकावर होता.

कायद्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. पेशानं डॉक्टर असलेले सेनेटर ग्विदो हिरार्दी यांच्या पुढाकारानं 2007 मध्ये विधेयक संसदेत आलं. ते मंजूर होऊन 'कायदा क्रमांक 20606' म्हणून प्रसिद्ध व्हायला जुलै 2012 उजाडलं. त्याचं नाव फार बोलकं आहे: अन्नपदार्थांतील पोषकघटक आणि त्यांची जाहिरात. जाहिरात हा शब्द थेट कायद्याच्या नावात आहे. पुढे त्याचं महत्त्व कळेल.

पण कायद्यानं फक्त तत्त्व सांगितलं: ज्यात कॅलरी, मीठ, साखर, चरबी जास्त आहे त्यावर तसं लिहा. 'जास्त' म्हणजे किती, हे आरोग्य मंत्रालयानं नियमांतून ठरवायचं होतं. म्हणजे पाच वर्षं भांडून कायदा झाला, आणि खरा प्रश्न जिथल्या तिथं राहिला.

अडचण नेमकी कुठे होती

एक सोपं गणित करू. न्याहारीच्या एका धान्यपदार्थात 100 ग्रॅममागे 30 ग्रॅम साखर आहे, असं धरा. उत्पादक म्हणाला, 'एका वेळी खायचा भाग 30 ग्रॅमचा,' तर पाकिटावर 9 ग्रॅम साखर येते. 9 हा आकडा कुणाला घाबरवत नाही. भाग 25 ग्रॅमचा धरला तर तो आणखी लहान होतो. भागाचा आकार उत्पादकाच्या हातात असेल तर 'जास्त' काय हेही त्याच्याच हातात जातं.

उलट बाजूचा युक्तिवादही पोकळ नव्हता. अंड्याचं सॉस 100 ग्रॅम कोण खातं? चमचाभर घेतात. त्यावर इशारा आणि लिटरभर रिचवल्या जाणाऱ्या पेयावरही तोच इशारा, यात न्याय कुठला, असं उद्योगाचं म्हणणं होतं. मला हा आक्षेप आजही अर्धा पटतो. पण अर्धाच, कारण त्यावर उपाय म्हणून जे सुचवलं गेलं त्यानं मूळ दुखणं आणखी झाकलं गेलं असतं.

2013 च्या अखेरीस आधीच्या सरकारनं नियमांचा एक संच आणला होता. त्यावर टीका झाली, सत्ताबदल झाला, आणि मिशेल बाचेलेत यांच्या सरकारनं ते काम नव्यानं हाती घेतलं. नवे नियम जून 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तयारीला एक वर्ष मिळालं. कायदा मंजूर होण्यापासून पहिला अष्टकोन दिसण्यापर्यंत चार वर्षं गेली. जागतिक व्यापार संघटनेच्या समितीतही काही देशांनी हरकती नोंदवल्या: हा आमच्या मालाला अडथळा आहे, प्रत्येक देशानं वेगळं लेबल मागितलं तर निर्यात कशी करायची.

समोर कोणते पर्याय होते

तेव्हा जगात वेगवेगळे नमुने होते. ब्रिटनमध्ये वाहतूक दिव्यांसारखे लाल-पिवळे-हिरवे रंग ऐच्छिक स्वरूपात चालू होते. इक्वेडोरनं 2014 मध्ये अशाच रंगांची सक्ती केली. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी पाकिटांवर पौष्टिकता दाखवणारे तारे आले, तेही ऐच्छिक. उद्योगाला पसंत होती ती चौथी रीत: दिवसाच्या गरजेच्या किती टक्के साखर, किती टक्के मीठ हे ओळीनं सांगणारे लहान चौकोन. त्यात खोटं काही नाही. पण गर्दीच्या दुकानात, रडणारं मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माणसानं त्या टक्क्यांची बेरीज करावी, ही अपेक्षा मोठी आहे.

रंगांच्या पद्धतीतली खोच वेगळी. एकाच पाकिटावर साखरेचा लाल आणि चरबी, मीठ यांचे दोन हिरवे असतील तर नजर कशावर ठरते? साखरेच्या पेयात चरबी नसतेच. त्याला फुकटचे हिरवे ठिपके मिळतात. तारे किंवा अक्षरी श्रेणी यांच्यात चांगलं-वाईट एकत्र करून सरासरी काढतात, म्हणजे तंतुमय भाग घालून साखरेचा दोष झाकता येतो.

चिलीनं यातलं काहीच न घेता एकच उलटी बाजू दाखवायची ठरवली. चांगल्याबद्दल मौन, वाईटाबद्दल एक शब्द. थांबा सांगणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीचा आकार, पण रंग लाल नाही. लाल पाकिटावर लाल ठसा हरवतो. काळा कशावरही उठतो.

शब्दांवरही विचार झालेला दिसतो. चिलीच्या ठशात 'जास्त' असा अर्थ आहे. नंतर मेक्सिकोनं स्वतःचे अष्टकोन आणले तेव्हा त्यांनी त्याहून कडक, 'अतिरेक' अशा अर्थाचा शब्द घेतला. पहिला शब्द वस्तुस्थिती सांगतो, दुसरा निकाल देतो. एक जागा मात्र चिलीनं हातची घालवली असं मला वाटतं. ठशावर 'मीठ' नाही, 'सोडियम' आहे. कायद्यात मीठ म्हटलेलं असताना पाकिटावर रसायनशास्त्र आलं. रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर मीठ कमी करा म्हणतो, सोडियम कमी करा असं क्वचितच म्हणतो.

पहिला निर्णय: मोजमाप आणि रेषा

मोजमाप 100 ग्रॅम आणि 100 मिलिलिटरवर आलं. उत्पादकाच्या 'भागा'वरचा वाद त्या एका वाक्यानं संपला. रेषा कुठे ओढायची, हे ठरवताना आधार घेतला गेला तो प्रक्रिया न केलेल्या नैसर्गिक पदार्थांचा. निसर्गात हे घटक साधारण कोणत्या मर्यादेत सापडतात, आणि त्यापलीकडे काय जातं. ही निवड महत्त्वाची होती. बाजारातल्या सध्याच्या मालाची सरासरी काढून रेषा ओढली असती तर बाजार जितका गोड, तितकी रेषा सैल झाली असती.

मात्र ती रेषा पहिल्याच दिवशी लागू केली नाही. तीन पायऱ्या केल्या: 2016, 2018 आणि 2019, तिन्ही वेळा जूनअखेर. घन पदार्थांत साखरेची मर्यादा 100 ग्रॅमला 22.5 ग्रॅम, मग 15, मग 10. सोडियम 800 मिलिग्रॅम, मग 500, मग 400. कॅलरी 350, 300, 275. संपृक्त चरबी 6, 5 आणि शेवटी 4 ग्रॅम. पेयांना साखरेची मर्यादा 6 ग्रॅमवरून 5 वर आली.

आणखी एक अट होती, आणि माझ्या मते सर्वांत दूरगामी तीच. साखर, मीठ किंवा संपृक्त चरबी वरून घातलेली असेल तरच ठसा. सुकामेवा, मध, साखर न घातलेला फळांचा रस यांना तो लागू नाही. सुटे विकले जाणारे किंवा समोर तयार करून दिले जाणारे पदार्थही बाहेर. अगदी लहान उत्पादकांना तीन वर्षांची सवलत दिली गेली.

ठशाचं मापही मंत्रालयानं उत्पादकावर सोडलं नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूचं क्षेत्रफळ जितकं, त्या प्रमाणात दीड सेंटिमीटरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत. ही बाब किरकोळ वाटते. पण छपाईच्या धंद्यातला कुणीही सांगेल की माप लिहून दिलं नाही तर ठसा हळूहळू मुंगीएवढा होत जातो आणि कोपऱ्यात, घडीच्या आत जाऊन बसतो.

दुसरा निर्णय: ठसा एकटा न सोडणं

इथं कायद्याच्या नावातली 'जाहिरात' कामाला आली. ज्यावर ठसा, ते शाळेत विकायचं नाही आणि वाटायचंही नाही. ज्यावर ठसा, त्याची 14 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात नाही. त्यावर कार्टून नाही, सोबत खेळणं नाही, चिकटचित्रं नाहीत. 2018 पासून सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत दूरचित्रवाणी आणि चित्रपटगृहांत अशा पदार्थांची जाहिरातच बंद झाली, मुलांसाठी असो वा मोठ्यांसाठी.

पाकिटांवर वर्षानुवर्षं राज्य केलेले प्राणी, खेळाडू, हसरी पात्रं यांना त्यामुळे निघून जावं लागलं. काही कंपन्या न्यायालयात गेल्या. ही आमची नोंदलेली व्यापारचिन्हं आहेत, ती वापरायचा हक्क सरकार काढून घेऊ शकत नाही, असा त्यांचा दावा. सरकार मागे हटलं नाही. खेळणं आत असलेल्या चॉकलेटच्या अंड्यालाही चिलीच्या दुकानांतून जावं लागलं.

हा निर्णय माझ्या दृष्टीनं पहिल्यापेक्षाही धाडसी होता, कारण त्यामुळे ठशाची किंमत बदलली. नुसता ठसा असता तर उत्पादकानं हिशेब केला असता: चार ग्राहक दुरावतील, बाकीचे राहतील. आता ठसा म्हणजे शाळेचं दार बंद, मुलांच्या जाहिराती बंद, पाकिटावरचं पात्र गेलं. रेषेच्या 1 ग्रॅम अलीकडे राहणं आणि 1 ग्रॅम पलीकडे जाणं यांत आता मोठी दरी पडली.

कारखान्यात काय घडलं

समजा, एका उत्पादकाच्या बिस्किटात 100 ग्रॅमला 21 ग्रॅम साखर आहे. 2016 मध्ये त्याला साखरेचा ठसा नाही. 2018 मध्ये लागणार, हे त्याला 2015 पासून ठाऊक आहे. त्याच्यापुढे तीन वाटा. आता काहीच करू नये आणि दोन वर्षांनी बघावं. 15 च्या खाली आणावं आणि 2019 साठी पुन्हा पाककृती बदलावी. किंवा एकदाच 10 च्या खाली जावं आणि चव बिघडल्याचा फटका आत्ताच सोसावा. साखर म्हणजे काही नुसती गोडी नव्हे. बिस्किटाचा खुसखुशीतपणा, रंग, टिकाऊपणा, वजन हे सगळं तिच्यावर उभं असतं. ती काढली की जागा कशानं तरी भरावी लागते, आणि ती पिठानं भरली तर कॅलरी फारशा हलत नाहीत. बिस्किटाला कॅलरीचा ठसा चुकवणं साखरेच्या ठशापेक्षा पुष्कळ अवघड.

पेयवाल्याची गोष्ट सोपी होती. साखर काढा, पाणी आहेच, गोडीला स्वीटनर, म्हणजे साखरेऐवजी गोडी देणारा पदार्थ, घाला.

अंमलाच्या आधी आणि पहिल्या टप्प्यानंतर हजारो उत्पादनांची पाकिटं तपासून केलेल्या अभ्यासात नेमकं हेच चित्र दिसलं. निदान एक तरी ठसा लागेल अशा उत्पादनांचं प्रमाण 51 टक्क्यांवरून 44 टक्क्यांवर आलं. साखर कमी झाली ती मुख्यतः पेयं, दुधाची पेयं, न्याहारीचे धान्यपदार्थ, गोड भाजलेले पदार्थ यांत. मीठ कमी झालं ते चीज, सॉसेज, सूप, तयार जेवण यांत. आणि एक निरीक्षण फार मोलाचं आहे. बदल बहुतेक करून त्या गटांत झाला, जिथं सरकारची रेषा त्या गटातल्या मालाच्या मधोमध कुठेतरी पडत होती. जिथं रेषा फार वर होती, तिथं कुणाला हलायची गरजच पडली नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी न्याहारीच्या धान्यपदार्थांवर काम केलं तेव्हा त्यांना रेषेच्या अगदी खाली उत्पादनांची गर्दी झालेली दिसली. परीक्षेत पासापुरते गुण मिळवणाऱ्यांची जशी असते तशी. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. लोकांनी सर्वाधिक पाठ फिरवली ती चुकून पौष्टिक समजल्या जाणाऱ्या पदार्थांकडे. चॉकलेटच्या पदार्थावर 'साखर जास्त' लिहिल्यानं कुणाला नवी माहिती मिळत नाही. 'संपूर्ण धान्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर तेच लिहिलं की माणूस थबकतो.

घरात काय घडलं

2,000 हून अधिक कुटुंबांच्या खरेदीची नोंद ठेवून पहिल्या टप्प्याचं मूल्यमापन झालं. कायदा आला नसता तर काय झालं असतं याचा अंदाज आधीच्या कलावरून बांधला आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. ठसा लागणाऱ्या पेयांची खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी खाली आली. पेय आणि खाद्य मिळून ठशाच्या मालातून येणाऱ्या कॅलरीही सुमारे 24 टक्क्यांनी घटल्या, म्हणजे माणशी रोजच्या 49 कॅलरी.

वर्तमानपत्रांत हे आकडे गाजले. त्याच अभ्यासातला शेजारचा आकडा कमी गाजला: एकूण खरेदीतली कॅलरींची घट माणशी रोज 16, म्हणजे साडेतीन टक्के. मग उरलेल्या तेहेतीस कुठे गेल्या? ठसा नसलेल्या मालात. काही वेळा माणसानं दुसरी वस्तू घेतली, काही वेळा तीच वस्तू पाककृती बदलून ठशाशिवाय परत आली. साखरेत एकूण घट 10 टक्क्यांची, सोडियममध्ये पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. देशभराच्या पातळीवर हे लहान नाही. पण 24 आणि साडेतीन हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

मुलांच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. लहान मुलांच्या आयांशी झालेल्या गटचर्चांत असं दिसलं की शाळेत हे चिन्ह शिकलेली मुलंच घरी येऊन सांगत होती, हे डब्यात नको, बाई चालवून घेणार नाहीत. पाकीट हातात घेऊन अष्टकोन मोजणं हा काही ठिकाणी खेळच झाला. वाचता न येणाऱ्या मुलालाही आकार आणि संख्या कळते. टक्क्यांच्या चौकोनांनी हे कधी साधलं नसतं.

जाहिरातींचा परिणाम मोजणं सोपं होतं आणि तो ठसठशीत निघाला. ठसा लागणाऱ्या न्याहारीच्या पाकिटांपैकी आधी 43 टक्क्यांवर मुलांना भुलवणारं काहीतरी असे. कायद्यानंतर ते 15 टक्क्यांवर आलं.

नोकऱ्या जातील, पगार घटतील, ही भीती चर्चेच्या काळात वारंवार घातली गेली होती. नंतरच्या अभ्यासात अन्नउद्योगातल्या एकूण रोजगारावर किंवा वेतनावर असा काही परिणाम आढळला नाही.

आणि वजन? या सगळ्याची सुरुवात ज्यापायी झाली, त्या स्थूलतेच्या आकड्यात ठशामुळे ठळक उतार आला, असं म्हणता येत नाही. तीनच वर्षांत तिन्ही टप्पे पूर्ण झाले आणि पाठोपाठ महासाथीनं शाळा, खेळ, जेवणाच्या वेळा सगळंच उलथवलं. शिवाय रोजच्या 16 कॅलरींनी माणसाचं वजन वाढायचं थांबेल, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनीही उघड बोलून दाखवली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट स्वीटनरची. रेषा फक्त साखर मोजते, गोडी मोजत नाही. त्यामुळे साखर काढून स्वीटनर घातलेलं पेय स्वच्छ ठरलं, मुलांच्या पाकिटांतही ते वाढलं, आणि घराघरांत त्यांची खरेदी वाढल्याचं दिसलं. मुलाची जीभ तितक्याच गोडीला सवकलेली राहते. चिलीनं हे आधी ओळखायला हवं होतं का? साखर काढली की तिच्या जागी काय येणार, हे कुठल्याही पेयनिर्मात्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मेक्सिकोनं 2020 मध्ये स्वतःचा नियम करताना चिलीकडे पाहून ही फट बुजवली: स्वीटनर असेल तर मुलांसाठी शिफारस नाही, अशी वेगळी सूचना सक्तीची केली.

दुसरी गोष्ट रेषेच्या स्वभावाची. 10.1 ग्रॅम आणि 60 ग्रॅम साखर, दोघांना ठसा एकच. 60 वरून 30 वर आलेल्या उत्पादकाला काहीच बक्षीस नाही. त्यामुळे जे रेषेपासून फार दूर होते त्यांनी प्रयत्नच केला नाही, आणि मिठाई, चॉकलेट यांत फारसं काही बदललं नाही. दुहेरी ठसा किंवा दुसरी, वरची रेषा हा उपाय कागदावर सुचतो. पण मग चिन्ह गुंतागुंतीचं होतं आणि चार वर्षांच्या पोराला मोजता येणार नाही. माझ्यासमोर निवड आली असती तर मीही एकच रेषा ठेवली असती आणि दूरच्या मालासाठी कर वापरला असता. चिलीनं 2014 मध्येच गोड पेयांवरचा कर 13 टक्क्यांवरून 18 केला होता, तोही ठरावीक साखरेच्या वरच्या पेयांनाच. फक्त त्याची रेषा 100 मिलिलिटरला 6.25 ग्रॅमवर होती आणि ठशाची 6 वरून 5 वर गेली. एकाच देशात, एकाच पेयाला, दोन मंत्रालयांच्या दोन रेषा. उत्पादकाला त्यातली सोयीची निवडायची मुभा का द्यावी, हे मला उमगलं नाही.

तिसरी गोष्ट 100 ग्रॅमच्या मापाची. वर म्हटलं तसं ते भागापेक्षा बरंच बरं. पण पदार्थात पाणी वाढवलं की 100 ग्रॅममागचा प्रत्येक आकडा आपोआप उतरतो. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत साखर एकूण कॅलरींच्या प्रमाणात मोजतात, 10 टक्के किंवा त्याहून जास्त कॅलरी मोकळ्या साखरेतून, म्हणजे वरून घातलेल्या किंवा मध आणि रसातल्या साखरेतून, येत असतील तर ती जास्त. तिथं पाणी ओतून सुटका नाही. चिलीचे नियम त्याआधीच छापून झाले होते, त्यामुळे याचा दोष कुणाला देता येत नाही. मागून आलेल्या देशांना ही निवड करायला मिळाली.

चौथी, टप्प्यांची. तीन पायऱ्यांनी उद्योगाला वेळ मिळाला आणि विरोधाची धारही बोथट झाली. राजकारण म्हणून ते शहाणपणाचं होतं. पण ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर 2016 मध्ये स्वच्छ दिसणारं पाकीट 2018 मध्ये अचानक ठसा घेऊन आलं. आत काहीच बदललं नव्हतं. दोन वर्षं आपण जे निर्धास्तपणे खात होतो ते काय होतं, असा प्रश्न पडणारच. पहिल्या दिवसापासून अंतिम रेषा जाहीर होती. तीच ठशासाठी लगेच लागू करून जाहिरातबंदी आणि शाळाबंदी तेवढी टप्प्यांनी आणता आली असती, असं मला वाटतं. कारखान्यांचा आरडाओरडा वाढला असता, हे खरं.

आणि शेवटची, ठशाच्या आवाक्याबाहेरची. चिलीच्या लोकांचं पावावर अतोनात प्रेम. त्यांच्या जेवणातल्या मिठाचा मोठा वाटा बेकरीतल्या सुट्या पावातून येतो, आणि भट्टीतून निघून सरळ कागदी पिशवीत पडणाऱ्या पावाला हा कायदा लागू नाही. त्यातलं मीठ कमी करायला आरोग्य मंत्रालयाला बेकरीवाल्यांशी वेगळी बोलणी करावी लागली होती, अष्टकोन येण्याच्या कितीतरी आधी.